कोल्हापुरात घर घेताना कोणाची फी सार्थकी लागते: वकील, इंजिनिअर, एजंट आणि बाकीची मंडळी

कोल्हापुरात घर घेताना माणसं बहुधा उलट्या क्रमानं गोळा होतात. आधी एजंट येतो, त्याच्या ओळखीनं बँकेचा माणूस येतो, मग दस्त लिहिणारा. संचकार (इसाराची रक्कम) देऊन झाल्यावर काहीतरी खटकलं, तरच वकिलाकडे फाइल जाते. इंजिनिअर तर येतच नाही. हीच माणसं, हीच फी. फक्त क्रम फिरवला तर निम्मी डोकेदुखी वाचते. म्हणून इथं एकेका सेवेचं परीक्षण केलं आहे. ही माणसं काय करतात, काय करत नाहीत आणि त्यांचे पैसे कोण देतं, या तीन गोष्टी पाहायच्या आहेत. त्यातला तिसरा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा.

वकील: पहिली फी इथंच

दिवाणी बाजूचं, त्यातही मिळकतीचं काम रोज करणारा वकील हवा. तो बिल्डरचा किंवा विक्रेत्याचा वकील नसावा आणि तुम्ही कर्ज घेणार त्या बँकेच्या पॅनेलवर त्याच प्रकल्पाचा रिपोर्ट देणाराही नसावा. हे तोंडावर विचारायला संकोच वाटतो, पण चांगला वकील स्वतःहूनच सांगतो.

त्याच्याकडून घ्यायची मुख्य गोष्ट म्हणजे ३० वर्षांचा सर्च (मिळकतीच्या नोंदलेल्या दस्तांचा शोध) आणि त्यावरचा लेखी अभिप्राय. करवीर तालुक्यासाठी दुय्यम निबंधकांची एकापेक्षा जास्त कार्यालयं आहेत. दस्त त्यातल्या कुठल्याही कार्यालयात नोंदलेला असू शकतो, त्यामुळे एकाच कार्यालयातला सर्च अर्धवट राहतो. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरची ई-सर्च सेवा चांगली आहे आणि फुकट आहे, पण तिच्यावर सगळी भिस्त ठेवू नका. गावाचं नाव थोडं वेगळं टाकलं, ई वॉर्डाचा सिटी सर्व्हे नंबर पोटहिश्शासह टाकला किंवा नुसता रि.स.नं. (रिव्हिजन सर्व्हे नंबर) टाकला, की दस्त सापडत नाही. दस्त नसतो असं नाही, तो वेगळ्या नावाखाली नोंदलेला असतो. शिवाय संगणकाआधीच्या वर्षांसाठी कार्यालयातली सूचीची पुस्तकंच चाळावी लागतात.

रिपोर्ट हातात आला की तीन ठिकाणी बोट ठेवून बघा. सर्च फी भरल्याच्या पावतीचा क्रमांक आणि तारीख आहे का? कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत, कुठल्या कार्यालयातला सर्च घेतला ते लिहिलं आहे का? आणि पाहिलेल्या कागदांची यादी आहे का, त्यातली मूळ प्रत कुठली आणि झेरॉक्स कुठली हे वेगळं दाखवलं आहे का? ‘काही पाने जीर्ण व फाटलेली असल्याने’ असं वाक्य बऱ्याच रिपोर्टांत असतं. ते असणं चूक नाही. पण कुठल्या वर्षांची पानं हे लिहिलेलं नसेल तर परत पाठवा. ‘मिळकत निर्वेध व बोजारहित आहे’ एवढ्या एका ओळीवर संपणारा दोन पानी रिपोर्ट फीच्या लायकीचा नाही.

शहरातली मिळकत असेल तर मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) वकिलासमोर बसून वाचा. वरच्या भागात सत्ता प्रकार असतो. तिथं ‘ब’ असेल तर थांबा. मूळ जागा कुठल्या अटीवर मिळाली होती, हस्तांतरणाला परवानगी लागते का, नजराणा भरला आहे का, याचे कागद मागा. खाली व्यवहारांचा तक्ता असतो. दिनांक, व्यवहार, खंड क्रमांक, मग ‘नवीन धारक (धा), पट्टेदार (प) किंवा भार (भा)’ असा रकाना, आणि शेवटी साक्षांकन. या रकान्यात ‘भा’ दिसलं की बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा आहे. मग त्याच्या खाली तोच बोजा कमी झाल्याची वेगळी नोंद शोधायची. विक्रेत्याकडे ‘कर्ज नील’चा दाखला आहे पण पत्रिकेवर ‘भा’ तसाच आहे, ही स्थिती जुन्या घरांत फार सापडते. असा बोजा व्यवहाराआधी उतरवून घ्यायचा. नंतर त्यासाठी विक्रेत्याच्या मागं फिरावं लागतं.

पत्रिकेवर न दिसणारे बोजेही असतात. मूळ कागद बँकेत ठेवून घेतलेल्या कर्जासाठी नोटीस ऑफ इंटिमेशन (कर्जाची निबंधकांकडे दिलेली सूचना) आणि तारणांची केंद्रीय नोंदणी म्हणजे सरसाय, दोन्ही तपासायला सांगा. मिळकतीवर दावा चालू आहे का हे ई-कोर्टवर पक्षकाराच्या नावानं बघता येतं. फक्त एकाच्या नावानं शोधून थांबू नका, भावाबहिणींची नावंही टाका.

शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत खरी गोम वारसांची असते. पत्रिकेवर दोन भावांची नावं आहेत आणि बहिणींचं नावच नाही. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांइतकाच झाला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो जन्मजात असल्याचं स्पष्ट केलं. म्हणून वंशावळ मागा, प्रत्येक बहिणीचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र आहे का बघा, नसेल तर तिला खरेदीखतात लिहून देणार म्हणून सही करायला लावा. ‘ताई आमच्या शब्दाबाहेर नाहीत’ हे कितीही खरं असलं तरी सही हवी.

उपनगरात आणि गावठाणाबाहेर कागद वेगळे. सातबारावर भोगवटादार वर्ग १ आहे की २ (म्हणजे हस्तांतरणावर बंधन असलेला), देवस्थान इनाम किंवा वतनाचा शेरा आहे का, बिनशेतीचा आदेश आहे का, मंजूर रेखांकन आहे की गुंठ्याचे तुकडे पाडून विकले आहेत? देवस्थान इनाम जमिनी या जिल्ह्यात भरपूर आहेत आणि त्यांचे परवानगीशिवाय झालेले व्यवहार टिकत नाहीत. पाचगाव, मोरेवाडी, उचगाव, उजळाईवाडी या बाजूला घर घेताना बांधकाम परवाना कोणी दिला ते बघा. २०१७ साली कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झालं, त्यात ४२ गावं आहेत. त्यानंतरच्या इमारतीला नुसता ग्रामपंचायतीचा कागद दाखवत असतील तर वकिलाचा अभिप्राय आल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

जाहीर नोटीस वकिलाच्या कामातच धरा. ती इथं घरोघर वाचल्या जाणाऱ्या दैनिकात यावी. कोणी पाहणार नाही अशा पत्रात छापून कात्रण फाइलला लावणारे आहेत. हरकतीची मुदत किमान १४ दिवस ठेवा. नोटीस येईपर्यंत संचकाराची रक्कम लहान असावी आणि संचकारपत्रात एक वाक्य हवंच: हक्कात दोष निघाला किंवा हरकत आली तर रक्कम अमुक दिवसांत परत. कर्ज नामंजूर झालं तर काय, हेही त्यातच लिहा. छापील नमुन्यात ही दोन्ही वाक्यं सहसा नसतात.

वकिलाची फी ठरवताना सर्च, अभिप्राय, नोटीस, संचकारपत्र, खरेदीखत आणि नंतरची नावनोंद यांचे वेगवेगळे आकडे घ्या. एकगठ्ठा फी ठरली की शेवटचं काम राहून जातं.

इंजिनिअर: सगळ्यात कमी बोलावला जाणारा, सगळ्यात जास्त वाचवणारा

नवीन फ्लॅट असो की जुना बंगला, स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअर किंवा आर्किटेक्ट एकदा आणाच. बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेला म्हणजे तपासणी झाली असं समजू नका. तो कर्जाला तारण पुरेसं आहे का एवढंच बघतो.

मंजूर नकाशा हातात घेऊन प्रत्यक्ष मोजमाप हे पहिलं काम. बंद केलेली गॅलरी, पार्किंगमध्ये काढलेलं दुकान, गच्चीवरची वाढीव खोली, मागच्या बाजूला सोडायच्या अंतरात आलेला जिना: या चार जागा आधी बघायच्या. भोगवटा प्रमाणपत्र कुठल्या मजल्यापर्यंत आहे तेही वाचा. महारेरा म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण. त्यातला चटई क्षेत्राचा, म्हणजे आतल्या वापराच्या जागेचा, हिशोब ठरलेला आहे. आतल्या भिंती धरतात; बाहेरच्या भिंती, गॅलरी, गच्ची आणि डक्ट धरत नाहीत. बिल्डर सांगतो तो ‘सेलेबल’ आकडा बाजूला ठेवून लेझर मीटरनं खोली-खोलीचं माप घ्या आणि भाव चटईवर काढून दोन प्रकल्पांची तुलना करा. स्वस्त वाटलेला प्रकल्प इथं बऱ्याचदा महाग निघतो.

घर पावसाळ्यात बघा. नैऋत्येकडून झोडपणारा पाऊस पश्चिम आणि दक्षिण भिंतींवर बसतो. खिडकीच्या खालचे कोपरे, गच्चीच्या कठड्याचा सांधा आणि बाथरूमच्या मागची भिंत इथं ओल आधी दिसते. ताजा रंग फक्त त्याच भिंतीला असेल तर इंजिनिअरला ओलावा-मापक लावायला सांगा. जुन्या इमारतीत स्लॅबच्या खालून, विशेषतः संडास-बाथरूमच्या छताला, प्लास्टर फुगलं आहे का हे हातोडीनं हलकं ठोकून कळतं. पोकळ आवाज आला की आत गज गंजून सुटत चालले असण्याची शक्यता मोठी.

आता पुराचा विषय. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. नागाळा पार्क, रमणमळा, दुधाळी, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नरचा परिसर इथं घर बघत असाल तर हा आकडा रस्त्यावर किती उंचीला येतो हे मोजून घ्या. शेजारच्या जुन्या घराच्या भिंतीवर किंवा विजेच्या खांबावर २०२१ च्या पाण्याची खूण हमखास दाखवतात. इंजिनिअर ऑटो लेव्हल लावून त्या खुणेपासून तुमच्या इमारतीच्या जोत्याची, पार्किंगची, मीटरच्या खोलीची आणि लिफ्टच्या खड्ड्याची पातळी काढतो. हे फार तर अर्ध्या दिवसाचं काम आहे. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटला पाणी लागत नाही, पण मीटर खोली बुडाली की वीज जाते, पंप जातो, लिफ्ट जाते. जमिनीखालच्या टाकीचं झाकण पुराच्या पातळीखाली असेल तर पिण्याच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळतं. जयंती नाल्याच्या काठी तर नदी दूर असूनही फुगवट्याचं पाणी मागं येतं.

मोकळी जागा किंवा नवीन बांधकाम असेल तर पाटबंधारे विभागाच्या पूररेषेच्या नकाशावर जागा कुठं पडते ते आर्किटेक्टकडून लेखी घ्या. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत नवीन बांधकामाला बंदी. निळी आणि लाल यांच्यामध्ये जोतं लाल रेषेच्या वर घेऊन आणि बाकी अटी पाळूनच परवानगी मिळते. तोंडी ‘रेषेच्या बाहेर आहे’ याला काही अर्थ नाही.

बंगला किंवा प्लॉट घेताना हद्दीची मोजणी भूमी अभिलेख कार्यालयाकडूनच करून घ्या आणि ‘क’ प्रत मागा. खासगी सर्व्हेअरचा नकाशा घर बांधायला उपयोगी पडतो, हद्दीच्या भांडणात त्याला वजन नाही.

एजंट: घर शोधायला उत्तम, कागदाला नाही

चांगला स्थानिक एजंट खरोखर कामाचा असतो. राजारामपुरीच्या कुठल्या गल्लीत काय भाव चालू आहे, कुठल्या इमारतीत पाण्याची बोंब आहे, कुठल्या घरात भाऊबंदकी आहे, हे त्याला माहीत असतं आणि ते कुठल्याही संकेतस्थळावर मिळत नाही. त्यासाठी साधारण १ ते २ टक्के दलाली वाजवी आहे. पण टक्का किती, कधी द्यायचा आणि तो दोन्ही बाजूंकडून घेणार आहे का, हे आधीच लिहून घ्या. दलाली संचकारावर नाही, खरेदीखतावर द्या. व्यवहार मोडला तर दलाली नाही, हेही लिहा. महारेरात नोंदलेल्या प्रकल्पातला फ्लॅट विकणाऱ्या एजंटाची स्वतःची महारेरा नोंदणी हवी.

बिघडतं ते एकाच जागी. ‘दादा, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, आजच संचकार ठेवून टाका.’ अशा वेळी वकिलाचं नाव सांगा आणि कागदांच्या प्रती मागा. कागद द्यायला तयार असलेल्या विक्रेत्याला दोन आठवडे थांबायला अडचण नसते.

बिल्डरकडून घेत असाल तर महारेराचं संकेतस्थळ हीसुद्धा एक सेवाच समजा, आणि ती चांगली सेवा आहे. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि सदनिकाही ८ पेक्षा जास्त असतील तर नोंदणी सक्तीची आहे. तिथं मंजूर नकाशे, जमिनीवरचे बोजे, दावे आणि ताब्याची तारीख दिसते. पुस्तिकेतली ताब्याची तारीख आणि तिथली तारीख जुळत नसेल तर तिथली खरी धरा. करार नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डर घेऊ शकत नाही. बांधकामातला रचनेचा दोष ताब्यानंतर ५ वर्षांत निघाला तर त्यानं तो विनामोबदला दुरुस्त करायचा असतो.

बँकेचा माणूस आणि सीए

बँकेच्या एजंटाकडे फार अपेक्षा ठेवू नका. तो फाइल पुढं सरकवतो, तेवढंच त्याचं काम. बँक स्वतःचा सर्च घेते, काही ठिकाणी तो १३ वर्षांचाच असतो, आणि त्याची प्रत तुम्हाला मिळेलच असं नाही. तरी एक गोष्ट आधी पक्की करा. कर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के, ही रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे, आणि त्यात मुद्रांक व नोंदणीचा खर्च सहसा धरत नाहीत. शहरात ४५ लाखांचा फ्लॅट असेल तर ३६ लाख कर्ज, ९ लाख स्वतःचे, शिवाय ६ टक्क्यांनी २ लाख ७० हजार मुद्रांक आणि ३० हजार नोंदणी. म्हणजे हातात १२ लाख हवेत. घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात १ टक्का सवलत आहे, इथं ४५ हजार वाचतात. पतीचं नाव जोडलं की सवलत जाते. रेडी रेकनरचा (सरकारनं ठरवलेला) दर करारातल्या किमतीपेक्षा जास्त निघाला तर मुद्रांक रेकनरवर बसतो, म्हणून त्याचं गणित आधी करून घ्या.

सीएची एक बैठक पुरते, पण ती करारावर सही होण्याआधी हवी. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर ५ टक्के जीएसटी आहे. कोल्हापुरात चटई ९० चौरस मीटरपर्यंत आणि एकूण आकारणी ४५ लाखांपर्यंत असेल तर १ टक्का. या ४५ लाखांत पार्किंग आणि विकास शुल्कासारखी बाकीची आकारणीही धरतात. ४४ लाखांचा फ्लॅट, वर २ लाखांचं पार्किंग, की सगळ्यावर ५ टक्के. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर विकलेल्या फ्लॅटला जीएसटी नाही. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर विक्रेत्याच्या रकमेतून १ टक्का टीडीएस कापून भरणं खरेदीदाराची जबाबदारी आहे. दोघांच्या नावावर ३०-३० लाख दाखवले तरी एकूण ६० लाखच धरतात. विक्रेत्यांपैकी एखादा भाऊ परदेशात स्थायिक असेल तर १ टक्क्याचा नियम लागत नाही, कपात बरीच जास्त होते. तो आकडा सीएकडून लेखी घ्या. आणि २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं मागत असतील तर नाही म्हणा, संचकारालासुद्धा.

दस्त लिहिणारा आणि त्यानंतरचं

निबंधक कार्यालयाबाहेरचे दस्तलेखक चलन, डेटा एंट्री, वेळ घेणं, ओळखदार, अंगठा-फोटो ही कामं सफाईनं करतात. मसुदा मात्र वकिलाचाच असावा. टायपिंगच्या चुका ठरावीक जागी होतात. चतुःसीमेत पूर्व-पश्चिमेची अदलाबदल, चौरस मीटर आणि चौरस फुटांची गल्लत, वॉर्डाचं अक्षर चुकणं, पॅनवरच्या नावाशी न जुळणारं नाव, आणि अपार्टमेंट असेल तर जमिनीतला अविभक्त हिस्सा लिहायचा राहणं. इथल्या बऱ्याच इमारती सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या आहेत. तिथं घोषणापत्र नोंदलेलं आहे का आणि आधीच्या मालकाच्या नावे अपार्टमेंट डीड झालं आहे का, हे दस्ताआधीच पाहायला हवं. नोंदणीनंतर चूक सापडली तर चूक दुरुस्ती पत्राला पुन्हा सगळ्यांच्या सह्या लागतात, आणि पाच वारस पाच गावांना असतील तर त्या मिळवणं किती अवघड जातं ते कोणत्याही दस्तलेखकाला विचारा. म्हणून अंतिम मसुदा आदल्या दिवशी घरी आणून मिळकत पत्रिका शेजारी ठेवून एकेक ओळ वाचा.

सूची क्रमांक २ (नोंदलेल्या दस्ताचा उतारा, इंडेक्स टू) हातात आली की काम संपत नाही. मिळकत पत्रिकेवर नाव नगर भूमापन कार्यालयात चढतं, घरफाळ्याला महापालिकेत, विजेला महावितरणकडे, आणि एका ठिकाणची नोंद दुसरीकडे गेली असं गृहीत धरू नका. घरफाळ्याची आणि पाणीपट्टीची थकबाकी विक्रेत्याच्या नावे असतानाच भरून घ्या, पावत्या दस्ताला जोडा. वकिलाच्या फीचा शेवटचा भाग पत्रिकेवर तुमच्या नावापुढं ‘धा’ लागून साक्षांकन झाल्यावरच द्यायचा, हे पहिल्या भेटीतच ठरवून ठेवा.